थंडी पुरत नाही

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर तार छेडून दोन गोष्टी ऐकतो: नाद किती टिकतो आणि स्वर हलतो का. क्वांटम संगणकातल्या क्युबिटचीही पारख याच दोन बाबतींत होते. ऊर्जा गळाली की क्युबिट विझतो. ती शाबूत राहूनही लय ढळली, तरी गणित बिघडतंच.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घडवलेल्या सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पुण्यातल्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या साथीने 2024च्या ऑगस्टमध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. अशा अतिवाहक चिपवर सहसा ॲल्युमिनियम असतं. 1.2 केल्विनखाली त्यातले इलेक्ट्रॉन जोडीने, विनाअडथळा वाहतात. उष्णतेने जोड्या फुटू नयेत म्हणून चिप आणखी खाली, दहा-वीस मिलिकेल्विनवर ठेवतात. हिशोबाने तिथे जवळजवळ एकही जोडी फुटायला नको. तरी फुटतात!

दोष भटक्या प्रारणांचा. शीतकाच्या वरच्या, चार केल्विनच्या टप्प्यावरून बारीक फटींतून अवरक्त प्रकाश झिरपतो. जोडी फोडायला सुमारे 90 गिगाहर्ट्झचा एक फोटॉन पुरतो. मग सुटा पडलेला इलेक्ट्रॉन क्युबिटमधला सांधा, म्हणजे जोसेफसन जंक्शन, ओलांडताना क्युबिटची ऊर्जा घेऊन जातो. यावर 2011मध्ये सांता बार्बराच्या जॉन मार्टिनिस यांच्या गटाने उपाय दाखवला: चिपचा डबा प्रकाशबंद करायचा आणि त्याला आतून प्रकाश शोषणारा काळा लेप द्यायचा. मार्टिनिस 2025च्या नोबेलचे एक मानकरी.

पण वैश्विक किरण आणि भोवतालचा किरणोत्सारही जोड्या फोडतात, त्यांच्यापुढे लेप चालत नाही. एमआयटीच्या संशोधकांनी 2020मध्ये शिशाची भिंत वरखाली करून क्युबिटच्या आयुष्यात पडणारा फरक मोजला. तो बारीक होता, पण होता. गूगलच्या 26 क्युबिटच्या प्रयोगात सुमारे दर दहा सेकंदांनी एक तडाखा बसे आणि अनेक क्युबिट एकदम चुकत. मला खरा धोका हाच वाटतो. चुका विखुरलेल्या असतील तर दुरुस्त करता येतात, घोळक्याने आलेल्या चुका दुरुस्तीची सगळी पद्धतच मोडतात.

टीआयएफआरला वैश्विक किरण परके नाहीत. संस्थापक होमी भाभांनी 1937मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हाइटलर यांच्यासह या किरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला होता. पुढे वैश्विक किरण टाळण्यासाठीच संस्थेचे शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरले आणि 1965मध्ये त्यांनी वातावरणीय न्यूट्रिनो टिपले. कोलारची खाण आता बंद आहे, पण झारखंडमधल्या जादुगुडाच्या खाणीत 555 मीटर खोल प्रयोगशाळा आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनने क्युबिटची संख्या वाढवण्याबरोबरच अशा खोल जागी एक शीतक बसवण्याचा विचार आताच करावा.