दात कोणाला दाखवावेत?

दाढ दुखू लागली म्हणजे बहुतेक घरांत उपायांचा एक ठराविक क्रम असतो. पहिल्या रात्री लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरावयाचा, दुसऱ्या दिवशी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करावयाच्या, तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणावयाची. आणि एवढ्यानेही दुखणे हटले नाही, तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसून ‘एकदाची काढून टाका’ असे सांगावयाचे. दाढ निघते, दुखणे थांबते आणि प्रश्न मिटला असे वाटते. वस्तुतः त्या दिवसापासून दुसरा प्रश्न सुरू होतो. शेजारचे दात हळूहळू मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातील दाढ आधार नाहीसा झाल्यामुळे आपली जागा सोडू लागते, फटींत अन्न अडकते आणि चावण्याचे सारे काम एकाच बाजूवर पडते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण नशिबाला उद्देशून आहे; परंतु चणे हाती असताना दात नसण्याचा दोष दर वेळी नशिबाच्या माथी मारता येत नाही. पुष्कळदा योग्य वेळी योग्य वैद्याकडे न गेल्याचे ते फळ असते.

मुखाचे विकार अनेक स्थानी होतात, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून ते ओठ, दंतमूल, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशा सात स्थानी वाटून दिले आहेत. त्यांत प्रत्यक्ष दातांचे रोग ८, तर दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांकडचे, १५ मोजले आहेत. आधुनिक दंतवैद्यकही स्थानाप्रमाणे आणि कार्याप्रमाणे विभागले गेले आहे. १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले आणि १९४८ साली दंतवैद्यांच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन करणारा कायदा झाला. आज बी. डी. एस. ही पदवी घेतलेला दंतवैद्य पुढे तीन वर्षे अभ्यास करून एम. डी. एस. होतो, तो नऊ शाखांपैकी कोणत्या तरी एका शाखेत.

याचा अर्थ रुग्णाने स्वतःच शाखा ठरवून तज्ज्ञाच्या दारी जावे असा नव्हे. घरच्या डॉक्टरांप्रमाणे घरचा दंतवैद्यही असावा. कीड साफ करून दात भरणे, दातांवरील किटण काढणे, साधा दात काढणे, ही कामे तो उत्तम करतो. कोणते काम आपल्या हातचे आणि कोणते दुसऱ्याकडे सोपवावयाचे, हेही तोच जाणतो. परंतु कोणते लक्षण कशाचे सूचक आहे, हे रुग्णाला ठाऊक असेल तर तो वेळेवर जाईल आणि नेमके प्रश्न विचारील.

प्रथम दाताचाच विचार करू. दाताला बाहेरून कठीण कवच असते, त्याखाली हाडासारखा थर असतो आणि गाभ्यात नस व सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. थंड पाण्याने कळ येऊन क्षणात थांबत असेल, तर कीड बहुधा गाभ्यापर्यंत पोहोचलेली नसते आणि दात भरून भागते. कळ बराच वेळ टिकत असेल, गरम पदार्थाने वाढत असेल किंवा रात्री आडवे होताच दाढ ठणकू लागत असेल, तर गाभ्याला सूज आली असे समजावे. येथे एंडोडाँटिस्ट, म्हणजे दातांच्या मुळांच्या नळ्यांवर उपचार करणारा तज्ज्ञ, उपयोगी पडतो. रोगट गाभा काढून, नळ्या स्वच्छ करून, त्या बंद करावयाच्या आणि वर टोपी बसवावयाची, यालाच रूट कॅनाल म्हणतात. फसवी अवस्था पुढची आहे. आठवडाभर ठणकणारी दाढ एके दिवशी अचानक शांत होते. रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात नस मेलेली असते आणि मुळाशी पू साचण्यास आरंभ झालेला असतो. काही महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी येते, तोवर मुळाभोवतीचे हाड झिजू लागलेले असते.

हिरड्यांचे रोग याहूनही मूक असतात. घासताना रक्त येणे, हिरडी दातापासून सुटणे, तोंडास दुर्गंधी येणे, दात हलू लागणे ही त्यांची पावले होत. आणि यांतील बहुतेक पावले वेदनेवाचून पडतात. किडीचा लवलेश नसलेले पांढरे शुभ्र दात हिरडीच्या रोगाने एकेक करून गळून पडतात, ते यामुळेच. या शाखेचा तज्ज्ञ पेरिओडाँटिस्ट होय. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग यांचे नाते दुहेरी आहे. मधुमेह हिरड्या पोखरतो आणि हिरड्यांतील जंतुसंसर्गामुळे रक्तातील साखर आवरणे कठीण जाते. म्हणून मधुमेही मनुष्याने रक्त येण्याचीही वाट न पाहता हिरड्या तपासून घ्याव्यात. दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, असा एक समज दृढ आहे. खरी गोष्ट अशी की, आधार सुटलेल्या दातांना किटणाचा थर धरून ठेवीत असतो. तो निघताच मूळचा सैलपणा उघड होतो, आणि सूज उतरल्यामुळे झाकलेल्या फटीही दिसू लागतात.

मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक सहाव्या वर्षी घडते. या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात न पडता येते, म्हणून आईबाप तिला दुधाची समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून तिची कीड दुर्लक्षिली जाते. ती दाढ पुन्हा कधीही येत नाही. दुधाचे २० दातही टाकाऊ नव्हेत. ते खालच्या कायम दातांसाठी जागा राखून ठेवतात. बालदंततज्ज्ञाकडे, म्हणजे पेडोडाँटिस्टकडे, पहिला दात आल्यानंतर, वर्षाच्या आतच मूल एकदा दाखवावे. दात पुढे येणे, एकावर एक चढणे, जबड्यांची गाठ नीट न पडणे यांसाठी ऑर्थोडाँटिस्ट असतो. त्याच्याकडे सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा गेल्यास जबड्याच्या वाढीचा फायदा घेता येतो. खेळताना कायमचा दात मुळासकट निखळून पडला, तर तो मुळाकडे न धरता वरच्या भागाकडे धरावा, न घासता हलकेच धुवावा आणि शक्य असल्यास खाचेत परत बसवावा. ते न जमल्यास थंड दुधात ठेवून तासाच्या आत, साधल्यास अर्ध्या तासात, दंतवैद्य गाठावा. असा दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

हाडात अडकलेली अक्कलदाढ, जबड्याचा अस्थिभंग, जबड्यातील गाठी ही मुखशल्यचिकित्सकाची कामे. चेहऱ्यावर सूज, सोबत ताप आणि गिळण्यास, श्वास घेण्यास किंवा तोंड उघडण्यास त्रास, अशी स्थिती झाल्यास सकाळची वाट पाहू नये. रात्रीच मोठे रुग्णालय गाठावे, कारण दाताचा पू गळ्यात उतरून प्राणावर बेतू शकते. गेलेल्या दातांच्या जागी कवळी, सेतू किंवा हाडात रोवलेला कृत्रिम दात बसविणारा तो प्रोस्थोडाँटिस्ट.

सर्वांत महत्त्वाची, तरी सर्वांत अपरिचित, अशी शाखा मुखरोगनिदानाची आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि सुपारी यांची सवय गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत सर्वत्र आढळते. नुसती सुपारी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. सुपारी स्वतःच कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे. तिखट खाताना तोंडाची आग होणे, गालाची आतली बाजू फिकट व ताठ होणे आणि तोंड उघडेनासे होणे ही सुपारीच्या विकाराची लक्षणे होत. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी अवश्य करावी. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, कारणावाचून हललेला दात अथवा मानेतील गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास तसेच करावे. तज्ज्ञ लहानसा तुकडा काढतो आणि मुखविकृतिशास्त्रज्ञ तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निर्णय देतो. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, या भीतीने कित्येक जण महिने दवडतात. त्या महिन्यांतच बरा होण्याजोगा रोग हाताबाहेर जातो.

दाताचे भासणारे प्रत्येक दुखणे दाताचे असतेच असेही नाही. नाकाशेजारच्या पोकळ्या सुजल्या की वरच्या दाढा दुखतात. चेहऱ्याच्या नसेच्या एका विकारात विजेसारखी कळ येते आणि चांगले दात एकामागून एक काढले जाऊनही ती राहत नाही. श्रम करताना खालचा जबडा दुखून विश्रांतीने थांबत असेल, तर दात सोडून हृदय तपासले पाहिजे.

बांबोळी, बेळगाव, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणच्या दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयांत बहुतेक शाखा एका छपराखाली मिळतात. कोठेही गेले तरी मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गर्भारपण यांची माहिती रुग्णाने आपण होऊन द्यावी, आणि दात काढण्यास संमती देण्यापूर्वी ‘हा राखता येईल काय, आणि कोण राखू शकेल?’ एवढे विचारावे. दुखणे ही दाताची शेवटची हाक असते. हिरडीतील रक्त, गालावरील चट्टा, अचानक शांत झालेली दाढ या आधीच्या हाका होत. वर्षातून एकदा, काहीही दुखत नसताना, तोंड दाखवून घेणारा मनुष्य त्या वेळीच ऐकतो. आणि पुष्कळदा दातांबरोबर आयुष्यही राखतो.