एका आजारपणाचे अंतर

'दारू पितात, कामाचा कंटाळा करतात, पोरे जास्त, म्हणून गरीब.' हे वाक्य आम्ही वॉर्डात डॉक्टरांच्या तोंडून ऐकले, बँकेच्या रांगेत ऐकले, आणि आपल्याच शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकले. ते खरे आहे का, हे गावोगावी जाऊन तपासणारा एक संशोधक आहे. त्याचे म्हणणे आरोग्याच्या पानावर आलेच पाहिजे, कारण त्याचे उत्तर आपल्या दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलेले आहे.

अनिरुद्ध कृष्ण हे आधी सनदी अधिकारी होते, पुढे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांनी राजस्थानातल्या ३५ गावांत काम सुरू केले. पुढे गुजरात, आंध्र प्रदेश, केनिया, युगांडा आणि पेरू इथेही तीच पद्धत वापरली. २०१० साली त्यावर त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. त्याच्या नावाचा अर्थच असा, की गरिबी एका आजारपणाच्या अंतरावर आहे.

पद्धत साधी, पण आम्हाला फार आवडली. सरकारी दारिद्र्यरेषा बाजूला ठेवून त्यांनी गावालाच एकत्र बसवले आणि विचारले, अगदी गरीब घराच्या हातात चार पैसे आले तर ते आधी काय करते? राजस्थानातल्या गावांनी सांगितले : पहिल्यांदा पोटभर अन्न, मग मुलांची शाळा, मग घराबाहेर जाताना अंगावर घालायला धड कपडे, मग कर्जाचे हप्ते. इथवर पोहोचले की ते घर गरिबीतून निघाले, असे गाव मानत होते. मग गावातले एकेक घर घेऊन विचारले, आज हे घर कुठल्या पायरीवर आहे आणि २५ वर्षांपूर्वी कुठल्या पायरीवर होते? साल कुणाच्या लक्षात राहणार! म्हणून 'आणीबाणीच्या वेळी' अशी खूण दिली. ती सगळ्यांना आठवत होती. त्यानंतर घरोघरी जाऊन पडताळा घेतला.

निष्कर्ष असा निघाला, की गरिबी साचलेल्या डबक्यासारखी नाही. एका बाजूने घरे वर येत होती, त्याच वेळी दुसऱ्या बाजूने चांगली खाती-पिती घरे खाली घसरत होती. आपण मात्र 'गरिबी इतक्या टक्क्यांनी घटली' एवढेच वाचतो. वर आलेल्यांतून घसरलेले वजा केल्यावर उरलेला तो आकडा असतो. गुजरातसारख्या वेगाने वाढणाऱ्या राज्यातही घसरण थांबलेली नव्हती.

घरे घसरली कशामुळे? सगळ्यात मोठे कारण आजारपण आणि त्यावरचा खर्च. राजस्थानात घसरलेल्या निम्म्याहून जास्त घरांच्या कहाणीत ते आहे. त्याच्या जोडीला सावकाराचे चढे व्याज आणि लग्न व मृत्युभोजाचा खर्च. राजस्थानात मृत्युभोजाविरुद्ध १९६० पासून कायदा आहे, तरी जेवणावळी उठतच राहिल्या. आपल्याकडे तेराव्याच्या जागी पुण्यानुमोदन आले, ही चांगलीच गोष्ट. पण लग्नातला मंडप आणि डीजे कर्जावरच उभा राहत असेल, तर सावकाराला काय फरक पडतो? आणि दारू व आळस? ही कारणे अगदी थोड्या घरांत सापडली. नर्स म्हणून आम्ही दारूचे लाड करणार नाही, यकृताचे पेशंट आम्ही पाहिले आहेत. पण गरिबीचे खापर तिच्यावर फोडून मोकळे होता येणार नाही.

हे घडते कसे, ते आम्ही रोज बघतो. कमावत्या माणसाला ताप येतो. मजुरी बुडते, शिवाय सोबतीला थांबलेल्या बाईचीही बुडते. औषध बाहेरून आणावे लागते. आधी मंगळसूत्र जाते, मग बकऱ्या, मग मुलीची शाळा. एकाच दणक्यात घर क्वचित पडते. छोट्या छोट्या धक्क्यांची साखळी लागते आणि ते गावाच्या नोंदीतल्या पायऱ्या उलट्या उतरत जाते.

धोरणासाठी यातली मुख्य गोष्ट ही, की घसरण्याची आणि वर येण्याची कारणे वेगवेगळी आहेत. वर आलेली बहुतेक घरे शेतीला दुसरी मिळकत जोडून आली : कुणी शहरात काम धरले, कुणी जोडधंदा केला, कुठे पाणी आले. त्यात ओळखीपाळखी आणि नोकरीची खबर कामी आली. शिक्षण घेऊनही खबर नसल्याने अडकलेली मुले पुष्कळ. म्हणजे नुसता रोजगार देऊन घसरण थांबत नाही. तिच्यासाठी जवळचा, फुकट, चालू असलेला दवाखानाच लागतो.

राजस्थान सरकारने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू केली, ती आम्हाला म्हणूनच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती मोठ्या ऑपरेशनला, दाखल झाल्यावर, उपयोगी पडते आणि तिचा लाभ घेतलाच पाहिजे. पण बीपी-साखरेच्या रोजच्या गोळ्या, बाहेरच्या तपासण्या तिच्यात बसत नाहीत, आणि घर पोखरते ते त्यानेच. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे सरकारी हिशेब सांगतात. घटला हे खरे. तरी शंभरातले चाळीस रुपये अजून आजारी माणसाच्याच घरातून निघतात.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात येत नाहीत, हे लक्षात ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात बाहेरच्या औषधाची चिठ्ठी हातात पडली, तर ती फाडू नका. तारीख टाकून जपून ठेवा. महिन्याभरात वस्तीतल्या अशा सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करा आणि कोणते औषध किती वेळा नव्हते, ते लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.