इंचभर उंचीने बदलते जुन्या बुलेटची चाल

जुनी बुलेट नव्याने उभी करताना इंजिनाला जेवढे लक्ष मिळते, त्याच्या निम्मेही मागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या वाट्याला येत नाही. तेल गळू लागले किंवा गाडी गतिरोधकावर आपटू लागली, की जोडी बदलायची, एवढाच त्यांचा विचार. मूळ मापाची जोडी मिळाली नाही, तर 'बसते ना?' या एकाच निकषावर दुसऱ्या एखाद्या मोटारसायकलची जोडी चढवली जाते. ती इंचभर लांब निघाली तर गाडी मागून रुबाबदार दिसते. आखूड निघाली तर बेताच्या उंचीच्या चालकाचे पाय जमिनीला नीट टेकतात. मालक दोन्ही प्रकारांत खूश असतो. मात्र त्या एका इंचाने हँडलचा स्वभाव बदललेला असतो आणि त्याची जाणीव बहुधा महामार्गावर, वेग वाढल्यावर होते.

मागे केलेला बदल पुढे कसा पोहोचतो, हे समजण्यासाठी फोर्ककडे पाहावे लागेल. मोटारसायकलचा फोर्क उभा नसतो, मागे कललेला असतो. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते, तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो चाक टेकण्याच्या जागेच्या काही सेंटिमीटर पुढे जमिनीला मिळतो. या अंतराला 'ट्रेल' म्हणतात. चाकाची टेकण्याची जागा अक्षाच्या मागे असल्यामुळे ते ओढले जाते आणि आपोआप सरळ होते. कार्यालयातील फिरत्या खुर्चीची चाके ढकललेल्या दिशेमागे वळतात, ती याच कारणाने. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ धावण्याचा हट्ट धरते, कमी असेल तर चटकन वळते.

आता गणित. बुलेटच्या दोन चाकांच्या आसांमधील अंतर सुमारे ५४ इंच, म्हणजे १३७० मिलिमीटर आहे. मागची बाजू एक इंच उचलली, की संपूर्ण सांगाडा सुमारे एका अंशाने पुढे झुकतो. फोर्कचा कल तेवढाच कमी होतो आणि १९ इंची चाकाच्या गाडीत ट्रेल साधारण सहा-सात मिलिमीटरने घटतो. मूळ ट्रेल नऊ-दहा सेंटिमीटर धरला, तर ही घट सहा-सात टक्क्यांची. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो आणि एरवी तो किरकोळच ठरला असता. पण जुन्या गाडीत तो एकटा नसतो.

अनेक वर्षे वजन पेलून पुढच्या फोर्कमधील स्प्रिंगा बसलेल्या असतात. म्हणजे मागे हात लावण्याआधीच गाडी पुढून खाली आलेली असते, आणि पुढची बाजू खाली येणे हे मागची बाजू वर उचलण्यासारखेच आहे. त्यात मागे लांब जोडी बसवली की दोन्ही बदलांची बेरीज होते. पुढचा ब्रेक दाबल्यावर फोर्क आणखी दबतो आणि कल आणखी घटतो. मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतील चिमट्याचे, बुश झिजलेले असतील आणि हँडलचे कोनसेट ढिले असतील, तर शहरात 'हलकी' वाटणारी हीच गाडी वेगात खड्डा लागताच हँडल झटकू लागते. आपल्याकडे सर्रास आढळणारी जोडणी नेमकी हीच आहे आणि तीच सर्वांत वाईट.

मागची बाजू खाली घेतल्यास उलटे घडते. कल आणि ट्रेल वाढतात. सरळ रस्त्यावर गाडी शांत वाटते. पण घाटातील वळणावर ती आत झुकायला तयार नसते, बाहेरच्या बाजूला सरकत राहते. अगदी कमी वेगात हँडल आपल्याच वजनाने एका बाजूला पडू पाहते. पायदान आणि सायलेन्सर जमिनीला लवकर घासतात. आखूड शॉकअॅब्सॉर्बरमुळे मागे बसलेल्या माणसासह मोठा धक्का बसला, तर टायर मडगार्डला लागण्याचीही भीती असते.

तक्रारी स्टँडपासूनच सुरू होतात. उंच केलेल्या गाडीचे मागचे चाक डबल स्टँडवर जमिनीवरून उचलले जात नाही आणि साइड स्टँडवर ती जास्तच कलते. खाली घेतलेली गाडी साइड स्टँडवर जवळजवळ उभी राहते, जरा धक्का लागला की दुसऱ्या बाजूला पडते. उंची बदलली की चेनचा ताणही पुन्हा पाहावा लागतो. गिअरबॉक्सचे दातेरी चक्र, चिमट्याचा खिळा आणि मागचा आस एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणलेली असते. ढील त्याच स्थितीत मोजावी.

शॉकअॅब्सॉर्बरच्या खाचा असलेल्या कड्याविषयीही एक गैरसमज आहे. ते फिरवल्याने स्प्रिंग कडक होते, असे मानले जाते. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, गाडी फक्त थोडी उंच बसते. त्यामुळे नवी जोडी घेण्याआधी मोजमाप करणे स्वस्त पडते. चाक अधांतरी ठेवून मागच्या आसापासून वर मडगार्डवरील एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे, मग चालक बसल्यावर तेच पुन्हा मोजावे. हा फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश असावा. फोर्कचेही तसेच मोजावे. तिथे दोष आढळला तर आधी पुढच्या स्प्रिंगा आणि तेल बदलावे. काही गाड्यांत फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमध्ये वर-खाली सरकवून उंची जुळवता येते. जुन्या बुलेटमध्ये ही सोय नाही, कारण तिच्या नळ्या हेडलाइटच्या ओतीव घराला आट्यांनी जोडलेल्या असतात.

१९४९ मध्ये बुलेट या स्विंगआर्मसह बाजारात आली, तेव्हा बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकाला स्प्रिंगच नसे. त्या काळच्या अभियंत्यांनी ठरवलेली मापे सहज बाजूला सारण्याजोगी नाहीत. कायद्याचाही मुद्दा आहे. ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. त्यांनुसार 'विंटेज' दर्जासाठी वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे लागते. चासी, बॉडी आणि इंजिनातील फेरफार चालत नाहीत. चिमट्यावर नवे कान वेल्डिंग करून परक्या गाडीचे शॉकअॅब्सॉर्बर बसवणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

मापे जुळल्यानंतर रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्याचा झोत तपासायला हवा. मागची बाजू इंचभर खाली गेली, तर २५ मीटरवर झोत जवळपास दीड फूट वर सरकतो, आणि तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.