बदलते कुटुंब आणि न बदलणाऱ्या भिंती

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर घेतो आणि त्याचे कर्ज पंधरा-वीस वर्षे फेडीत राहतो. या अवधीत, ज्या कुटुंबासाठी घर घेतले, ते कुटुंबच बदलून जाते. पाळण्यातले मूल महाविद्यालयात जाते. वृद्ध आईवडील आधारासाठी येतात. पुढे मुले नोकरीनिमित्त नाशिक-पुण्याला जातात. भिंती मात्र जिथल्या तिथे असतात. नांदगावसारख्या तालुक्याच्या गावीही आता सदनिकेचा विचार होऊ लागल्यामुळे हा प्रश्न केवळ महानगरांचा राहिलेला नाही.

जुन्या वाड्यात हा प्रश्न फारसा जाणवत नसे. ओटी दिवसा बैठकीची, रात्री पाहुण्यांच्या निजण्याची. माजघरात जेवण, बाळंतपण, आजारपण सारेच होई. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील, १९२०च्या दशकात बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तर माळा, पडदा आणि घडीची खाट यांच्या बळावर पिढ्या नांदल्या. त्या दाटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एकांताच्या अभावाची झळ स्त्रियांनाच अधिक बसली. परंतु खोलीवर एकाच कामाचा शिक्का मारू नये, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

नवी मुंबईत बेलापूर येथे १९८०च्या दशकात वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या वसाहतीत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सामाईक भिंत ठेवली नाही. हेतू हा की, गरजेनुसार प्रत्येकाला आपले घर वाढविता यावे. सदनिका बाहेर वाढू शकत नाही. तिला आतूनच बदलावे लागते.

त्यासाठी फार खर्च नव्हे, पूर्वविचार हवा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नळांमुळे एका जागी बांधलेले असतात; बाकीची जागा शक्य तितकी मोकळी ठेवावी. खांब-तुळयांच्या इमारतीत आतील बहुतेक भिंतींवर भार नसतो. तथापि अभियंत्याचा सल्ला आणि गृहनिर्माण संस्थेची परवानगी यांवाचून एकही भिंत हलवू नये. भिंतीत कायमची बसविलेली कपाटे ही गुंतवणूक नव्हे, खर्च होय. ती ना हलविता येतात, ना विकताना त्यांची किंमत वसूल होते. सुटे कपाट दोन खोल्यांमधील आडोसाही होऊ शकते. विजेची बटणे व जोडण्या एकाहून अधिक भिंतींवर असाव्यात. न्हाणीघराचे दार ९० सेंटिमीटर रुंद आणि उंबरठ्याविना असले, तर उद्या चाकाची खुर्ची आत जाईल.

शेवटची सूचना किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १९९२-९३ मधील सुमारे २.९ वरून २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. म्हणजे उद्याच्या वृद्धांना सांभाळणारे हात कमी असतील. मुलाची अभ्यासाची खोली पुढे शुश्रूषा करणाऱ्या बाईला, अथवा बदलीवर आलेल्या एखाद्या शिक्षकाला भाड्याने देता आली, तर म्हातारपणी सोबत मिळेल आणि चार पैसेही. तेव्हा घराचा नकाशा पसंत करताना आजच्या माणसांची मोजदाद पुरेशी नाही. वीस वर्षांनंतर त्या घरात कोण असेल, हाही प्रश्न घेणाऱ्याने विचारला पाहिजे.