शरीरातील ऊब आणि चिनी वैद्यक

मे महिन्यात चेन्नईचे उष्णतामान कित्येकदा ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा दिवसांत घरातील एखादी वडीलधारी स्त्री पंखा बंद करावयास सांगते, पायांवर चादर ओढून घेते आणि थोडा जिना चढताच थकून बसते. घरची माणसे ‘वय झाले’ असे म्हणून तो विषय तेथेच संपवितात. परंतु बाहेर ऊन तापलेले असता अंगात थंडी का भरावी, हा प्रश्न अतिशय जुना असून त्याचे उत्तर शोधणे अगत्याचे आहे.

चिनी वैद्यकाच्या मते शरीरात यिन आणि यांग अशी दोन परस्परपूरक तत्त्वे नांदतात. यिन हे शीत व स्थिर, तर यांग हे उष्ण व चल होय. यांग क्षीण झाले म्हणजे हातपाय गार पडतात, चेहरा फिकट होतो आणि उत्साह मावळतो. इसवी सन २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्याने शीतजन्य विकारांवर ग्रंथ रचला. त्यातील एका काढ्यात सुंठ, ज्येष्ठमध आणि बचनागाच्या जातीची एक मुळी सांगितली आहे. याशिवाय, आपल्या दवण्याच्या गणातील एका वनस्पतीची पाने वाळवून, कुटून व पेटवून शरीरातील ठरावीक जागी शेक देण्याचीही प्रथा आहे.

चेन्नईच्या रहिवाशास ही विचारसरणी सर्वस्वी परकी वाटणार नाही. या शहरालगत तांबरम येथे २००५ साली राष्ट्रीय सिद्ध संस्थेचे उद्घाटन झाले. सिद्ध वैद्यकातही वात, पित्त व कफ यांच्या समतोलाचा विचार असतो. सुंठ, मिरी आणि पिंपळी हे आपले त्रिकटू तेथे ‘तिरिकडुगम’ या नावाने ओळखले जाते. भोगर नावाच्या सिद्धपुरुषाचा चीनशी संबंध होता, असे तमिळ परंपरा सांगते.

आता सुंठीने ऊब कशी वाटते, ते पाहू. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी उष्णता ओळखणारे एक प्रथिन असते. मिरचीतील तिखट द्रव्याच्या साहाय्याने ते शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस हे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. आल्यातील जिंजरॉल आणि आले वाळताना त्यापासून तयार होणारे शोगाओल ही द्रव्ये त्याच प्रथिनास चेतवितात. मग उष्णतेचा निरोप मेंदूकडे जातो आणि आपणांस बरे वाटते. तथापि निरोप पोहोचला म्हणून चूल पेटली, असे होत नाही.

शरीराची चूल पेशीपेशींत जळत असते. तिची आच किती असावी, हे गळ्यातील अवटु ग्रंथीचा, म्हणजेच थायरॉइडचा, स्राव ठरवितो. तो उणा पडला तर अन्नाचे ज्वलन मंदावते. थंडी, थकवा व मरगळ येते. रक्तात लोह कमी असले तरी पेशींना प्राणवायू अपुरा पडून अशीच लक्षणे दिसतात. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी अवटु स्रावाच्या अभावाने आजारी असलेल्या एका स्त्रीस मेंढीच्या या ग्रंथीचा अर्क टोचला. तिची प्रकृती सुधारली आणि पुढे ती २८ वर्षे जगली. आज तोच स्राव गोळीच्या रूपात मिळतो.

चिनी वैद्य गलगंडावर समुद्रशैवाल देत असत. पुढे १८११ साली शैवालाच्या राखेतूनच आयोडीन सापडले आणि याच आयोडिनावाचून अवटु ग्रंथीचा स्राव तयार होत नाही, असे कालांतराने आढळून आले. जुन्या निरीक्षणास असा कार्यकारणाचा आधार मिळाला म्हणजे त्याचे मोल वाढते. परंतु जुने ते सर्वच निर्धोक असे मात्र नाही. बचनागातील ॲकोनिटीन हे जहाल विष असून ते हृदयाची लय बिघडवते. मुळी नीट शिजविली गेली नाही, तर अल्प मात्राही प्राणघातक ठरते.

म्हणून सुंठीचा काढा अवश्य घ्यावा, पाय शेकावेत. त्यात समाधान आहे. मात्र थंडी आणि थकवा आठवडेच्या आठवडे हटत नसतील, तर हिमोग्लोबिन व थायरॉइड यांसाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी. गार पडलेल्या हातांची दखल प्राचीन वैद्यांनी घेतली होती. ती आपणही घ्यावी आणि कारण सापडेपर्यंत थांबू नये.