विश्लेषण : जन्मगाव एक, देश तीन! इस्त्रियाची माणसे नेमकी कोणाची?

मोटारशर्यतीतील दिग्गज मारिओ आंद्रेत्ती यांनी १९७८ मध्ये ‘फॉर्म्युला वन’चे जगज्जेतेपद पटकावले ते अमेरिकी नागरिक म्हणून. १९४० मध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा त्यांचे गाव इटलीत होते. १९४८ मध्ये कुटुंबाने गाव सोडले, तेव्हा ते युगोस्लाव्हियात गेले होते. आज तेच गाव क्रोएशियात आहे. मोंतोना हे त्याचे इटालियन नाव, तर मोतोवुन हे क्रोएशियन. हे गाव ज्या इस्त्रियात आहे, तेथील अनेक नामवंतांची कहाणी अशीच आहे.

इस्त्रिया आहे कुठे?

एड्रिॲटिक समुद्राच्या उत्तर टोकाला असलेले हे त्रिकोणी द्वीपकल्प. त्याचा बहुतांश भाग क्रोएशियात, उत्तरेची पट्टी स्लोव्हेनियात आणि अगदी छोटा तुकडा इटलीत आहे. किनाऱ्यावरील शहरांत प्रामुख्याने इटालियन, तर आतील खेड्यांत क्रोएशियन आणि स्लोव्हेनियन बोलली जाई.

सीमा इतक्या वेळा का बदलल्या?

किनारपट्टीवर शतकानुशतके व्हेनिसची सत्ता होती. ते प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले. पुढे इस्त्रिया ऑस्ट्रियाकडे आणि पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेला. १९४७ च्या पॅरिस करारानुसार बहुतेक प्रदेश युगोस्लाव्हियाला मिळाला. १९९१ मध्ये क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया स्वतंत्र झाले.

स्थलांतराचे कारण काय?

मुसोलिनीच्या राजवटीत क्रोएशियन व स्लोव्हेनियन शाळा बंद झाल्या, आडनावेही इटालियन करण्यात आली. युद्धाच्या अखेरीस पारडे फिरले. युगोस्लाव्ह कम्युनिस्टांकडून अनेकांची हत्या झाली आणि काहींचे मृतदेह ‘फोइबे’ म्हणजे चुनखडीच्या खोल विवरांत टाकण्यात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत इस्त्रिया व लगतच्या प्रदेशांतून दोन ते साडेतीन लाख लोक बाहेर पडल्याचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य इटालियन होते.

निर्वासितांपैकी कोण नावारूपाला आले?

आंद्रेत्ती कुटुंबाने इटलीतील लुक्का येथील निर्वासित छावणीत सात वर्षे काढली आणि १९५५ मध्ये अमेरिका गाठली. इझोला येथे जन्मलेले बॉक्सर निनो बेनवेनुती यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये इटलीसाठी सुवर्णपदक जिंकले. आज इझोला स्लोव्हेनियात आहे. पुला येथे १९४७ मध्ये जन्मलेल्या लिडिया बास्तियानिच यांचे कुटुंब १९५६ मध्ये त्रिएस्तला आले. तेथील सान साबाच्या छावणीत त्यांनी दिवस काढले. ही जागा पूर्वी नाझींची छळछावणी होती. पुढे अमेरिकेत त्या इटालियन पाककृतींच्या टीव्हीवरील ओळखीचा चेहरा बनल्या.

त्याआधीच्या नामवंतांचे काय?

स्वतःचे वजन वर्षानुवर्षे मोजून शरीरक्रियेचा अभ्यास करणारे वैद्य सांतोरिओ (जन्म १५६१) कोपरचे, तर व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तिनी (जन्म १६९२) पिरानचे. दोन्ही शहरे आज स्लोव्हेनियात आहेत. पिरानच्या मुख्य चौकाला तार्तिनींचे नाव असून तेथे त्यांचा पुतळाही आहे. दुसरीकडे, ऑस्ट्रियाच्या काळात क्रोएशियन भाषेसाठी झटणारे बिशप युराय दोब्रिला क्रोएशियाच्या १० कुनाच्या नोटेवर झळकले. म्हणजे इस्त्रियाची यादी केवळ एका भाषेची नाही.

मग त्यांचा देश कोणता?

जन्मस्थळ आजच्या नकाशावरून ठरवले, तर तार्तिनी स्लोव्हेनियन आणि आंद्रेत्ती क्रोएशियन ठरतात. केवळ भाषेवरून ठरवले, तर ज्या गावांत ते वाढले ती गावे आणि तेथील शेजारी पुसले जातात. त्यामुळे जन्मावेळचे राज्य, गावाची दोन्ही नावे आणि आजचा देश या तिन्हींची नोंद करणे अधिक न्याय्य ठरते.

आज काय स्थिती आहे?

इस्त्रियातील अनेक गावांच्या पाट्या दोन भाषांत आहेत. स्लोव्हेनियाच्या किनारपट्टीवर इटालियनलाही अधिकृत दर्जा आहे. इटली २००५ पासून १० फेब्रुवारीला निर्वासितांचा स्मृतिदिन पाळते. जुलै २०२० मध्ये इटली व स्लोव्हेनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्रिएस्तजवळ बासोवित्सा येथे हातात हात घालून दोन्ही बाजूंच्या मृतांना आदरांजली वाहिली. एकाच गावात दोन स्मारके, आणि दोन्हींपुढे दोन्ही नेते. इस्त्रियाच्या माणसांवरील हक्काचा वाद मिटायचा तर मार्ग याच दिशेने जातो.