न पाहता आनंद: ख्रिस्ती श्रद्धेत याचा अर्थ काय?

येशूला डोळ्यांनी न पाहताही ख्रिस्ती लोकांना त्याच्याबद्दल आनंद कसा वाटतो? बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात हा आनंद संकटे सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या संदर्भात येतो. म्हणजे तो दुःख संपल्यावर मिळणारा नव्हे, तर दुःखातही टिकणारा आनंद आहे.

कवी नारायण वामन टिळकांचेच पाहा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक सांगत. न पाहिलेल्या येशूवरचे प्रेम त्यांनी अभंग-भजनांत मांडले. मराठी चर्चमध्ये ती भजने आजही गायली जातात.